काडेपेटी की रणगाडा

माणसांना नापास करणं हा माझा पोटापाण्याचा धंदा आहे. गाडी चालवण्याचा परवाना हवा असलेला माणूस माझ्या शेजारी बसतो, मी समोर बघत बसते, आणि त्याने आरशात न बघता गाडी वळवली की माझं पेन चालतं. बाहेर माझ्याबद्दल फारसं चांगलं बोललं जात नाही, हे मला ठाऊक आहे. त्याचं मला काही वाटत नाही. रस्त्यावर दयामाया महागात पडते.

तर अशा मला माझ्याच आईबाबांनी पंच नेमलं.

झालं असं, की दोघं अंगणवालं घर सोडून तळमजल्यावरच्या दोन खोल्यांत राहायला जाणार होते. बाबांचे गुडघे जिन्याला विटले होते आणि आई अंगण झाडून झाडून कंटाळली होती, तेव्हा घर सोडण्यावर वाद नव्हता. वाद होता गाड्यांचा. नव्या इमारतीत त्यांच्या वाट्याला गाडी लावायला एकच जागा होती, पांढऱ्या पट्ट्यांनी आखलेली, आणि बाहेर रस्त्यावर गाडी ठेवायला सक्त मनाई. घरात गाड्या दोन. दोन्ही म्हाताऱ्या.

आईची काडेपेटी. हे नाव बाबांनी ठेवलं. छोटी, आखूड, मागचं दार वर उचलून उघडणारी गाडी. रंग एकेकाळी लाल होता, आता विटेसारखा झालाय. डाव्या बाजूची काच वर राहावी म्हणून पुठ्ठ्याची घडी खोचावी लागते आणि दुसरा गिअर लाडीगोडी लावल्याशिवाय पडत नाही.

बाबांचा रणगाडा. हे नाव अर्थातच आईनं ठेवलं. चौकोनी, उंच, चारही चाकांना ताकद देणारी गाडी, जुन्या काळची. दार लावलं की घराच्या खिडक्या वाजतात. कितीही गारठा असो, पहिल्या फटक्यात सुरू होते, हे मात्र कुणीही मान्य करील. बाबा तिला दर वर्षी रंग देतात. अंगाला हिरवा आणि चाकांच्या मधल्या तबकड्यांना चंदेरी. स्वतःच्या डोक्याला कधी कलप लावला नाही या माणसानं, पण चाकं चंदेरी हवीत.

"तू परीक्षक ना?" बाबा स्वयंपाकघरातल्या टेबलावर बोट आपटत म्हणाले. "मग घे परीक्षा. दोन्ही गाड्यांची. तू म्हणशील ती राहील, दुसरी जाईल. मी चकार शब्द काढणार नाही."

"तुम्ही चकार शब्द काढणार नाही हे बघायला मी जिवंत राहायला हवी," आई म्हणाली. "पण चालेल. फक्त बापाकडे बघून मार्क द्यायचे नाहीत."

"आणि आईकडे बघूनही नाहीत."

"माझ्याकडे कोण बघतंय," असं म्हणून आई टॉवेल वाळत घालायला मागच्या दारी गेली. मी तिच्या पाठोपाठ गेले, कारण तिचा तो स्वर मला माहीत आहे.

आई केस कापते. दुकान नाही. तिची गिऱ्हाईकं घराबाहेर पडू न शकणारी माणसं आहेत. कुणाचं अर्धं अंग गेलेलं, कुणी खाटेला खिळलेलं, कुणी नुसतंच फार म्हातारं. काडेपेटीच्या मागच्या भागात तिचं सगळं दुकान असतं. मानेसाठी खाच असलेलं प्लास्टिकचं घमेलं, म्हणजे झोपलेल्या माणसाचे केस उशी न भिजवता धुता येतात. टॉवेलांची चळत, कात्र्यांचा डबा, केस कापायचं मशीन आणि त्याच्या तेलाची चोचवाली बाटली. आठवडाभर ती अशी दारोदार फिरते. महिनोन्महिने आरशात न बघितलेल्या बाया तिच्या हाती हात देऊन म्हणतात, बाई, आज पुन्हा माणसात आल्यासारखं वाटतंय.

"काडेपेटी गेली तर रणगाडा आहे की," मी मुद्दाम म्हणाले. "तुला परवाना आहे. चालव."

आईनं टॉवेल झटकला. "किल्ली कुठं असते त्याची?"

घरात शिरल्याबरोबर भिंतीवर एक खुंटी आहे. काडेपेटीची किल्ली तिच्यावर असते. रणगाड्याची किल्ली बाबांच्या खिशात असते. गाडी त्यांच्याकडे आल्यापासून मी ती दुसरीकडे कुठं पाहिलेली नाही.

"क्लच माझ्यानं दाबला जात नाही, पायरी उंच आहे, ते सगळं मी शिकेन. पण मला विचारावं लागेल गं," आई म्हणाली. "अहो, उद्या गाडी मिळेल का. अहो, मला तिकडे सोडाल का. ते नाही म्हणणार नाहीत, मला माहीत आहे. सोडतील, बाहेर बसून राहतील, दर थोड्या वेळानं हॉर्न वाजवतील. ती काडेपेटी घेतली त्या दिवसापासून मी कुणाला विचारलेलं नाही. आता या वयात पुन्हा विचारायला लागायचं? मी नाही विचारणार. ही गाडी मी ठेवणार आहे, तुझा निकाल काहीही लागू दे."

मला भरून आलं. पंचानं भरून येऊ देऊ नये, म्हणून मी चिमटे उचलून टॉवेलांना लावायला लागले.

रविवारी परीक्षा ठरली. सकाळी आईच्या कामाचा फेरा, दुपारी बाबांची टेकडी.

सकाळी पहिलं घर मास्तरीणबाईंचं. या माझ्याच शाळेतल्या, आता अंथरुणाला लागलेल्या. परीक्षेच्या नियमाप्रमाणे हा फेरा रणगाड्यातून करायचा होता. बाबा चालवणार, आई आणि मी शेजारी. आईला चढवायला मला खालून टेकू द्यावा लागला, आणि ती वर बसल्यावर म्हणाली, "हत्तीवर बसायचं तर माहूत तरी चांगला हवा." बाबांनी ऐकू न आल्याचं दाखवलं.

वरून रस्ता मात्र काय दिसतो. समोरच्या गाड्यांच्या टपांवरून पार पुढच्या चौकापर्यंत नजर जाते. मी मनातल्या मनात रणगाड्याला मार्क दिले. मग बाई राहतात ती गल्ली आली. बाबांनी एकदा वळवून बघितलं, मागे घेतलं, पुन्हा वळवलं. आरसा एका भिंतीला लागत होता आणि मागचा कोपरा समोरच्या फाटकाला. मागच्या सायकलवाल्यानं घंटी वाजवली आणि मग वाजवतच राहिला.

"गल्ली अरुंद आहे," बाबा म्हणाले.

"नाचता येईना अंगण वाकडं," आई म्हणाली.

शेवटी गाडी कोपऱ्यावरच्या पावाच्या दुकानापाशी उभी करावी लागली. तिथून घमेलं बाबांनी डोक्यावर घेतलं, टॉवेल मी घेतले, डबा आईनं, आणि आमची वरात गल्लीच्या टोकापर्यंत गेली. "चालणं तब्येतीला चांगलं असतं," बाबा धापा टाकत म्हणाले. दारात पोचलो तर आईच्या लक्षात आलं की मशीन गाडीतच राहिलं. बाबा परत गेले. मास्तरीणबाई अंथरुणातून सगळं ऐकत होत्या. म्हणाल्या, "आज गाडी बदलली वाटतं. एरवी कशी दाराशी थांबते, दार उघडल्याचा आवाज मला इथं कळतो. मी उठून बसायला लागते तेवढ्यात."

मशीन घेऊन आलेल्या बाबांनी हे ऐकलं. त्यांनी घमेल्यात गरम पाणी ओतून दिलं आणि बाहेर जाऊन उभे राहिले. हॉर्न वाजवायला गाडी जवळ नव्हती, हे एक बरं झालं.

दुपारची टेकडी ही बाबांची जागा. तिच्या माथ्यावर रेडिओचा लोखंडी मनोरा आहे. बाबा आणि माझे काका, म्हणजे बाबांचे दादा, दोघांनी उभं आयुष्य त्या मनोऱ्याची आणि आजूबाजूच्या टेकड्यांवरच्या तसल्याच मनोऱ्यांची निगा राखली. काका गाडी चालवायचे, बाबा मनोऱ्यावर चढायचे. अकरा वर्षांपूर्वी काका वारले आणि रणगाडा बाबांकडे आला. तेव्हाच मनोऱ्यांचं कामही दुसऱ्यांकडे गेलं. त्यानंतर बाबा या टेकडीवर आलेच नव्हते. रणगाडा फिरला तो गुळगुळीत रस्त्यांवर. खरं सांगायचं तर बाबांना गाडी सोडवत नव्हती ती गाडीसाठी नाहीच. तिच्यात काकांच्या तंबाखूचा वास अजून होता.

पायथ्याशी लोखंडी फाटक आहे. तिथून कच्चा चढ सुरू होतो. मधोमध पाण्याची नळी कित्येक वर्षांपासून गळते आहे, त्यामुळे तिथं बारा महिने चिखल. फाटकाशी एक पांढरी व्हॅन उभी होती. आता मनोऱ्याचं काम बघणारी बाई खांद्यावर तारेचं भेंडोळं घेऊन पायीच वर निघाली होती. व्हॅन चढत नाही, रोज असंच ओझं वाहते, म्हणाली. बाबांची छाती पुढे आली.

आधी काडेपेटी. आईनं दुसऱ्या गिअरची मनधरणी केली आणि निघाली. मी शेजारी. दगड चुकवत, पोट घासत, ती चिखलाच्या अलीकडपर्यंत आली. बाबांचा अंदाज होता की फाटकातच अडकेल. पुढे मात्र चाकं जागच्या जागी गरगरायला लागली. आईनं दोनदा प्रयत्न केला, तिसऱ्यांदा केला नाही. ब्रेक लावला आणि म्हणाली, "हिची धाव इथपर्यंत. मूर्ती लहान पण कीर्ती महान, पण चिखलाला कीर्ती कळत नाही." तिनं गाडी सरळ मागं घेतली, बाजूच्या गवतावर नीट लावली. अशी उतरावर गाडी मागं घेणारे मला वर्षाकाठी एक-दोन भेटतात.

"नापास," बाबा फाटकातून ओरडले.

"निकाल मी सांगते," मी ओरडले.

मग रणगाडा. आई आणि मी चिखलाच्या कडेला बांधावर उभ्या राहिलो. खाली बाबा फाटकाशी थांबले, गाडीतून उतरले आणि त्यांनी ते केलं जे ते कुठल्याही चढाआधी करतात. पुढच्या उजव्या चाकाच्या मधल्या चंदेरी तबकडीवर तळवा ठेवून थोपटलं. मग पलीकडं जाऊन डाव्या चाकावर. हे काकांचं. काका दर चढाच्या पायथ्याशी उतरून चाकांना हात लावायचे, आणि बाबा तेव्हा आत बसून कमरेचा पट्टा आणि दोर बांधत असायचे, कारण वर पोचल्याबरोबर त्यांना मनोऱ्यावर चढायचं असे. "दादाची गाडीवर माया होती," बाबा सांगतात. "चढाआधी तिला शाबासकी द्यायचा. बोलायचा काही नाही. बोलणं त्याच्या स्वभावातच नव्हतं." काका गेल्यावर बाबांनी ही शाबासकी चालू ठेवली. कधीकधी मलाही एका बाजूचं चाक थोपटायला मिळायचं.

बाबा आत बसले, मोठ्या गिअरशेजारचा छोटा दांडा मागं ओढला. हा चारही चाकांचा दांडा. समोर पिवळा दिवा लागतो, तो लागल्याचं त्यांनी खिडकीतून हात काढून आम्हाला खुणेनं कळवलं. आणि रणगाडा निघाला. काय तो आवाज. दगडांवरून तो ढांगा टाकत आला, काडेपेटी थांबली होती ती जागा ओलांडली, चिखलात शिरला आणि थांबला.

बाबांनी जोर दिला. मागून चिखलाचे फवारे उडाले. गाडी पुढे जायच्याऐवजी खाली जायला लागली. त्यांनी मागं घेऊन बघितलं, पुन्हा पुढं, पुन्हा मागं. माझी नजर त्यांच्यावर होती, क्लच किती सोडतात, चाक किती वळवतात. चालवणाऱ्याकडे बघायची मला सवय. चूक सापडत नव्हती. बाबांचा चेहरा मात्र मला बघवत नव्हता. अकरा वर्षं ज्या ताकदीच्या गोष्टी सांगितल्या ती ताकद ऐन वेळी पाठ फिरवून बसली होती, तीही बायकोसमोर.

मी हळूच आईला म्हणाले, "झालं. बरोबरी. चढता दोघींनाही आलं नाही, आणि सकाळचा पेपर तर तूच जिंकलीस. गाडी तुझी."

आई गाडीच्या पुढच्या बाजूला बघत होती.

"मागची दोन जीव टाकताहेत," ती म्हणाली, "आणि पुढची दोन बघत उभी आहेत."

मी बघितलं. खरंच. मागची चाकं गरगरत होती आणि पुढची, ती चंदेरी, थोपटलेली, ढिम्म होती. माझ्यासारख्या परीक्षकाला ते दिसलं नव्हतं.

आईनं बांधावरून उतरून काडेपेटीचं मागचं दार उचललं, एक टॉवेल आणि आपली कामाची पिशवी घेतली आणि साडी वर खोचून सरळ चिखलात शिरली. मी तिचा दंड धरला. "आई, हात दाखवून अवलक्षण कशाला? गप्प उभी राहा. तुझी गाडी राहतेय."

"चिखलात रुतलेल्या माणसाकडून काय जिंकायचं?" ती म्हणाली. "सोड. मला जिंकायचं नाहीये. मला गाडी हवी आहे. त्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत."

मी सोडलं.

तिनं बाबांना इंजिन बंद करायला लावलं. उजव्या पुढच्या चाकापाशी उकिडवी बसली, टॉवेलानं चिखल पुसला. मग बोटानं तबकडी चाचपली. केस कापणाऱ्यांची बोटं डोक्यावरचा खवडा केसांआडूनही ओळखतात. "इथं काहीतरी कोरलंय," ती म्हणाली. पिशवीतून शेपटीवाला कंगवा काढला आणि त्याच्या टोकानं ती चंदेरी रंग खरवडायला लागली. दर वर्षीचा एक थर. थरांखालून गोल फिरवायची एक छोटी मूठ निघाली, तिच्याभोवती खाच, आणि दोन बाजूंना दोन शब्द. एका बाजूला 'फ्री', दुसऱ्या बाजूला 'लॉक'. मूठ 'फ्री'कडे होती.

बाबा खाली उतरले होते. "ते काय आहे?"

"तुमची गाडी आहे, तुम्ही सांगा."

त्यांनी वाकून वाचलं. मग पुन्हा वाचलं. आतला दांडा ओढला की ताकद पुढच्या चाकांच्या दारापर्यंत येते. पण ते दार बाहेरून, हातानं उघडावं लागतं. दर चढाआधी खाली उतरून, आधी एका बाजूला, मग दुसऱ्या बाजूला. जुन्या गाड्यांची हीच रीत. मीही ती कुठंतरी वाचलेली होती आणि अकरा वर्षं काखेत कळसा असताना गावाला वळसा घालत होते.

आईनं मशीनच्या तेलाची चोच खाचेत घातली, थेंब थेंब सोडलं. टॉवेल गुंडाळून मूठ धरली आणि पिळली. हलली नाही. पुन्हा तेल, पुन्हा पिळा. तिच्या मनगटाच्या शिरा वर आल्या. बाबा म्हणाले, "मी करतो." ती म्हणाली, "थांबा." आणि कट असा आवाज होऊन मूठ 'लॉक'वर गेली.

दुसऱ्या बाजूला बाबा स्वतः गेले. तेलाची बाटली आणि कंगवा घेऊन ते डाव्या चाकापाशी बसले. रंग खरवडला, तेल घातलं, पण मूठ मात्र फिरवली नाही. तबकडीवर नुसता तळवा ठेवून बसून राहिले. मी जवळ गेले तर त्यांच्या डोळ्यांत पाणी.

"दादा थोपटत नव्हता," ते म्हणाले. "फिरवत होता."

मी त्यांच्या शेजारी उकिडवी बसले.

"आणि मी आत बसून पट्टा बांधायचो. एकदाही खाली उतरून बघितलं नाही तो काय करतो ते. मी आपला म्हणतो, माया. माया होतीच, पण कामाची होती." त्यांनी नाक पुसलं, टॉवेल मुठीभोवती गुंडाळला आणि पिळला. दुसरा कट.

मग जे झालं ते बघण्यासारखं होतं. बाबांनी हलकेच क्लच सोडला, पुढच्या चाकांनी चिखलात पाय रोवले आणि रणगाडा न गुरगुरता, न फवारे उडवता, शहाण्या बैलासारखा बाहेर आला आणि चढ चढून वर गेला. आईनं टाळी वाजवली. खरंच वाजवली. मी तिच्याकडे रागानं बघितलं, पण तिचं लक्ष नव्हतं.

आम्ही पायी वर पोचलो तेव्हा बाबा मनोऱ्याच्या कुंपणाला टेकून उभे होते. वारा भरपूर होता. तारेचं भेंडोळं घेऊन चढलेली ती बाई आता अर्ध्या मनोऱ्यावर होती, कमरेला पट्टा, पाठीला आभाळ.

"सांग निकाल," आई मला म्हणाली.

"चढावर रणगाडा पास," मी म्हणाले. "काडेपेटी नापास. गल्लीत उलट."

"बरोबर आहे," आई म्हणाली. "ही गाडी टेकडीची राणी आहे. आज मी बघितलं."

बाबा तिच्याकडे वळले. "मग तू चिखलात कशाला उतरलीस? मी तिथंच हरत होतो."

आईनं पदराला हात पुसले. मला वाटलं आता ती विषय बदलेल, तसं ती नेहमी करते. तिनं बदलला नाही.

"कारण मी तुमच्याकडून काही काढून घ्यायला आलेले नाही," ती म्हणाली. "नीट ऐका. तुमची गाडी वाईट असती म्हणून माझी ठेवायची, असं मला नको. तुमची चांगली आहे. तरी मला माझी हवी आहे. सकाळी उठून खुंटीवरची किल्ली घ्यायची आणि निघायचं. कुणाला विचारायचं नाही. तुमच्या खिशातली किल्ली मी आजवर मागितली नाही आणि पुढंही मागणार नाही. जागा एकच असेल तर मी चालत जाईन गिऱ्हाइकांकडे, घमेलं डोक्यावर घेऊन. पण मागणार नाही."

बाबांनी खाली दिसणाऱ्या शहराकडे नजर वळवली. त्यांचा हात खिशात गेला, जिथं किल्ली असते तिथं, आणि तिथंच राहिला.

"तू कधी मागितली असतीस तर मी दिली असती," ते म्हणाले.

"तेच तर सांगतेय," आई म्हणाली.

बाबांनी मान हलवली. मग वर मनोऱ्याकडे तोंड करून त्या बाईला हाक मारली. ती उतरून येईपर्यंत आम्ही तिघं थांबलो. ती आल्यावर बाबांनी तिला गाडीपाशी नेलं, उजव्या चाकापुढं बसवलं आणि म्हणाले, "हे बघ. चढाआधी खाली उतरायचं. आधी हे, मग पलीकडचं. उतरून आल्यावर दोन्ही परत मोकळी करायची. विसरायचं नाही. मी विसरलो नव्हतो, मला माहीतच नव्हतं." त्यांनी तिच्याकडून ते दोनदा करून घेतलं. मग खिशातून किल्ली काढून तिच्या हातात ठेवली. "ही गाडी या टेकडीचीच आहे. व्हॅनमधलं सामान हिच्यात हलव आणि घेऊन जा. तंबाखूचा वास जाणार नाही, त्याला इलाज नाही."

मला शेवटचा निकाल द्यावाच लागला नाही. उतरताना बाबा काडेपेटीत पुढं बसले, गुडघे छातीशी, डोकं छताला. आईनं दुसऱ्या गिअरची मनधरणी केली. बाबांनी पुठ्ठ्याची घडी काचेत नीट खोचून दिली.

नव्या घरात ते रुळले तेव्हाची गोष्ट. मी सकाळी गेले होते. दाराशी भिंतीवर जुनीच खुंटी, बाबांनीच ठोकलेली, आणि तिच्यावर एकुलती एक किल्ली. आई टॉवेलांच्या घड्या घालत होती. बाबा आतबाहेर करत होते. दोनदा घसा खाकरला. मग दाराच्या चौकटीला धरून उभे राहिले.

"अगं, आज तुझा फेरा कितीला आहे? म्हणजे, दुपारी गाडी मोकळी असेल का? मनोऱ्यावाल्या बाईनं बोलावलंय, तिला त्या डाव्या चाकाचं काहीतरी... नसेल तर राहू दे. पण तू सोडलंस तरी..."

ते बोलत होते आणि मला तो आवाज ओळखीचा वाटला. तो आवाज मी कधी ऐकलेला नव्हता, पण आईनं मागच्या दारी मला त्याच आवाजाबद्दल सांगितलं होतं. मी आईकडे बघितलं. वाटलं, आता मनातल्या मनात तरी हसेल. तिचा तो हक्कच होता.

आईनं हातातली घडी खाली ठेवली.

"विचारायचं नाही," ती म्हणाली. "या घरात कुणी कुणाला विचारायचं नाही. खुंटीवर असली तर न्यायची. नसली तर समजायचं, दुसऱ्यानं नेलीय. पुन्हा असं दारात उभे राहिलात तर मी रागावेन."

बाबा दुपारी गेले. जाताना गाडीला फेरी मारून त्यांनी पुढची दोन्ही चाकं थोपटली. तिथं फिरवण्यासारखं काही नव्हतं. मी खिडकीतून बघत होते आणि मला त्यात नापास करण्यासारखं काही सापडलं नाही.

संध्याकाळी ते परत आले. दारात चपला काढल्या, आत आले, किल्ली जुन्या सवयीनं खिशात टाकली आणि खुर्चीत टेकले. आईनं तिकडे बघितलं नाही. मग बाबांचा हात खिशाकडे गेला. गुडघ्यांवर हात देऊन ते उठले, दाराशी गेले आणि किल्ली खुंटीवर अडकवली.